घरगुती कारणास्तव

आधी कुंदाआत्याचं नाव घेते. मानपाड्याची कुंदाआत्या. आम्ही जिच्या चाळीत भाड्याने राहायचो ती. ती माझी कोणी लागत नाही. रक्ताची नाही, गावची नाही, जातीची तर नाहीच. मी जालन्याकडची, ती इथली आगरी. तरी आज मी डोंबिवलीत आहे, माझ्या हातात कोयता नाही आणि पंधराव्या-सोळाव्या वर्षी कडेवर पोर आलं नाही, ते तिच्यामुळे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच लोकांना नावं ठेवणार आहे. तिच्या नावाला त्यांचा विटाळ नको.

आता ऑफिस.

मोठ्या बाईंचं ऑफिस. मोठ्या बाई म्हणजे आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. टेबलावर काच, भिंतीवर ढाली, कोपऱ्यात सरस्वती. एप्रिल महिना. नववीची परीक्षा झालेली, निकाल लागायचा होता. मी आणि माझा मामा उभे. समोर दोन खुर्च्या रिकाम्या. बसा म्हणून कोणी म्हणालं नाही, आणि मामाला सांगितल्याशिवाय बसायची सवय नव्हती. तो शाळेच्या ट्रस्टींच्या गाडीवर ड्रायव्हर होता.

मोठ्या बाई मामाला म्हणाल्या, "आमचा दहावीचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागतो. तुमच्या भाचीसाठी तो नव्याण्णव करायचा का आम्ही?"

मामा म्हणाला, "नाही नाही मॅडम. असं कसं."

बघा. शाळा वाचवायची जबाबदारी माझ्या ड्रायव्हर मामावर.

"मग दाखला घेऊन जा. नववी पास करून देते, तेवढी काळजी करू नका. कुठल्यातरी साध्या शाळेत दहावीला बसवा. नाहीतर बाहेरून बसू दे."

साध्या शाळेत. असं म्हणाल्या, आणि हातातल्या बांगड्या सारख्या केल्या.

मग क्लार्कने कोरा कागद पुढे सरकवला. तेव्हा मला कळलं नव्हतं, आता कळतं. शाळा कोणाला काढत नाही. शाळा कधीच कोणाला काढत नाही. पालक अर्ज करतात. पालकांनाच पोर नको असतं त्या शाळेत. मामाला सही येते, अर्ज लिहिता येत नाही. तो कागदाकडे नुसता बघत राहिला. मोठ्या बाई म्हणाल्या, "अहो, तिला द्या. येतं ना तिला लिहायला?"

पेन माझ्या हातात आलं. टेबलाला टेकून, उभ्या उभ्या, मी लिहीत गेले. बाई सांगत गेल्या. माझी भाची आपल्या शाळेत इयत्ता नववीत शिकत असून घरगुती कारणास्तव तिला पुढे ठेवणे शक्य नाही. तरी स्वेच्छेने तिचा शाळा सोडल्याचा दाखला मिळावा, ही नम्र विनंती. मामाने खाली सही केली. माझ्या अक्षरात, मामाच्या तोंडून, बाईंच्या मनातलं.

बाईंनी कागद उचलला. क्लार्कला दाखवला.

"अक्षर बघा किती सुंदर आहे हिचं. वाया गेली हो पोर."

मी म्हणाले, "थँक्यू मॅडम."

मला हेच झोंबतं अजून. त्यांनी काढलं ते काढलं. मी आभार मानले.

पण मला तेच शिकवलेलं. पाचवीत इथे आले तेव्हापासून. आईबाप वर्षातला अर्धा काळ ऊसतोडीला. कारखान्याच्या फडावर शाळा कसली. मामा म्हणाला, पोरीला माझ्याकडे ठेवा, साहेबांच्या शाळेत घालतो. साहेब म्हणजे ट्रस्टी. साहेबांनी शब्द टाकला, मला प्रवेश मिळाला. तेव्हापासून मी आभारी. ट्रस्टींची आभारी, त्यांच्या बायकोची आभारी, मोठ्या बाईंची आभारी. दिवाळीला मामी मला त्यांच्या बंगल्यावर पाया पडायला न्यायची. ट्रस्टींची बायको माझी हनुवटी धरून म्हणायची, "काय गं, जमतंय का आमच्या शाळेत?" आमच्या. तो शब्द ती चघळून बोलायची.

जमत नव्हतं. शाळा सेमी इंग्लिश. गणित आणि विज्ञान इंग्रजीत. माझं मराठीसुद्धा त्यांना मराठी वाटत नव्हतं. मी 'माझं' ला 'मपलं' म्हणायचे. वर्गात बाईंनी एकदा मला उभं करून चारदा म्हणायला लावलं, "मपलं दप्तर." अख्खा वर्ग हसला. बाईसुद्धा. मग मी बोलणंच बंद केलं. न बोलणाऱ्या पोरीला गणित अडलं तर ती विचारणार कोणाला? आणि क्लास लावायचा तर सगळे लावायचे शाळेतल्याच सरांकडे. सर सकाळी वर्गात अर्धं शिकवायचे, उरलेलं संध्याकाळी घरी.

त्या एप्रिलमध्ये माझ्यासारखी आणखी काही पोरं ऑफिसात उभी राहिली. भाजीवाल्याचा एक. सोसायटीच्या वॉचमनची एक. सगळ्यांनाच एकाच महिन्यात घरगुती कारण निघालं. कोणाच्या घरात काय रोगाची साथ आलेली देव जाणे.

माझ्या मागच्या बाकावर एका बिल्डरचा मुलगा बसायचा. गणितात मला जेवढे मार्क त्याहून त्याला कमी. मराठीत तर तो माझंच बघून लिहायचा. त्याच्या घरी कारण निघालं नाही. त्याच्यासाठी 'स्पेशल बॅच' निघाली. पुढे तो काठावर पास झाला आणि संस्थेच्याच कॉलेजात गेला, इन-हाऊस कोट्यातून. इन-हाऊस कोटा म्हणजे स्वतःच्या शाळेतल्या पोरांसाठी स्वतःच्या कॉलेजात राखून ठेवलेल्या जागा. राखून. राखीव. हाच शब्द आमच्या बाबतीत वापरायचा तर ह्यांच्या बाया नाक मुरडतात. वर्गात पोरं मला विचारायची, "तुझं आडनाव काय गं पूर्ण?" आणि उत्तर ऐकलं की, "मग तुला काय टेन्शन, तुमचा कोटा असतो ना." माझा कोटा कुठे होता ते मला अजून सापडायचंय. त्यांचा मात्र फलकावर छापलेला होता.

तर मी घरी आले. घर म्हणजे कुंदाआत्याच्या चाळीतली खोली. मामा रात्रीच्या गाडीने मला गावी पोचवणार होता. बापाशी फोनवर बोलणं झालं. बाप म्हणाला, "आन तिला. एक पोरगं बघितलंय." पोरगं चांगलं होतं, तोडीला जाणारं होतं. तोडीला जोडपं लागतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम जोडप्याला उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो, एकट्याला विचारत नाही. म्हणून आमच्याकडे पोरींची लग्नं घाईने होतात, हौसेने नाही. मी मामीने दिलेल्या पिशवीत कपडे कोंबत होते.

कुंदाआत्या दारात आली. तांदळाच्या पिठाने हात पांढरे. ती हळदी-लग्नाच्या भाकऱ्यांच्या ऑर्डरी घेते. आगऱ्यांची हळद म्हणजे शेकड्यांनी भाकऱ्या.

"कला ररतंस गो?"

कशाला रडते ते मी सांगितलं. तिला दाखला-बिखला काही कळलं नाही. लग्न तेवढं कळलं.

मामाला म्हणाली, "लगीन? हिचा? हिला अजून स्वताची वेनी घालता येत नाय, तिचा लगीन? शरम हाय का तुला?"

मामा म्हणाला, "आत्या, मी किती दिवस सांभाळू? माझीपण दोन आहेत."

"तू नको सांभालू. माझ्याकरं राहील. माझे भाकऱ्या थापील."

एवढंच. त्यात कसला विचार नव्हता, कसलं भाषण नव्हतं. ती परत भाकऱ्या थापायला गेली. मामा बसून राहिला. मी पिशवी घेऊन दोन दारं पलीकडे गेले आणि तिथेच राहिले.

मला ज्वारीची भाकरी यायची. तांदळाची उकड काढून भाकरी करणं वेगळंच. पहिल्या भाकऱ्या फाटल्या, आत्याने त्या कोंबड्यांना टाकल्या आणि म्हणाली, "कोंबऱ्या खूस झाल्या, तुझा नाव घेतान." मी हसले. ह्या शहरात मला कोणी चुकल्यावर हसवलेलं ते पहिल्यांदा. शाळेत चुकल्यावर दुसरे हसायचे.

दहावीला बाहेरून बसायचं होतं. राहून गेलं. एक वर्ष राहिलं की दुसरं सोपं जातं. मी नववी पास. कुठे लिहायचं झालं तर तेवढंच लिहिते.

आता ठाण्याला जाते कामाला, वर्तकनगरला. एका मॅडमचं अडीच वर्षांचं पोर सांभाळते. मॅडम वाईट नाहीत. डब्यात उरलेलं देत नाहीत, ताजं देतात. पण त्यांच्या घरात सध्या एकच विषय. शाळा. पोराला अजून शी सांगता येत नाही आणि ह्यांना तो बारावीनंतर कुठे जाणार ते ठरवायचंय. संध्याकाळी सोसायटीच्या बागेत बाया जमतात. मी घसरगुंडीपाशी, त्या बाकड्यावर. कान तर बंद ठेवता येत नाहीत.

"तिथला रिझल्ट बघितलास? हंड्रेड परसेंट. ऑल्वेज."

"तिथली मुलं चांगल्याच कॉलेजला जातात."

"एकदा तिथे चिकटला ना, की लाइफ सेट."

जातात, चांगल्याच कॉलेजला जातात. का नाही जाणार? जी जाणार नसतात त्यांना दहावीच्या आधीच दाराबाहेर काढलेलं असतं. उरतात ती हुशार, नाहीतर बिल्डरची. मग त्यांना मोजायचं आणि बँडबाजा लावायचा. अकरावीचा फॉर्म ऑनलाइन भरतात, कॉम्प्युटर मार्क बघतो, कुठल्या सरस्वतीपुढे बसून मिळवले ते बघत नाही. ते मार्क पोरं क्लासमधून आणतात, आईबापांच्या दमावर आणतात. शाळा फक्त चाळण धरते. आणि चाळण धरणाऱ्याला ह्या बाया हात जोडतात, अर्ज करतात, मुलाखतीसाठी स्वतः इंग्रजी पाठ करतात. मला कीव येत नाही त्यांची. किळस येते. एवढं शिकून एवढा साधा हिशेब कळू नये?

एकदा मॅडमनी सहज विचारलं, "तू कुठल्या शाळेत होतीस गं?"

मी नाव सांगितलं. डोंबिवलीतली ती शाळा ठाण्यातही माहीत आहे. मॅडमच्या हातातला मोबाइल तसाच राहिला.

"त्या शाळेत? मग तू इथे कशी?"

मी म्हणाले, "घरगुती कारण." आणि पोराचं नाक पुसलं.

गेल्या मार्चपर्यंत मी असंच बोलत होते. विचारलं की घरगुती कारण. मलाही ते खरं वाटायला लागलेलं. आमच्या घरातच काहीतरी कमी होतं, शाळेचं काय चुकलं.

मग सियाचा नंबर लागला.

सिया कुंदाआत्याच्या मुलीची मुलगी. आईबाप दोघं नोकरीवर, सकाळी जातात ते दिवेलागणीला येतात. सिया आत्याकडेच वाढली. आत्याच्या जावयाने जमिनीच्या पैशातून डोनेशन भरून तिला त्याच शाळेत घातलेलं. पोर चित्रं सुरेख काढते, गणितात रडते. ती नववीत आली तेव्हापासूनच मी एप्रिलची धास्ती घेतलेली. बोलले मात्र नव्हते. घाबरट आहे मी, लपवून काय करू. अजूनही कोणी जोरात हाक मारली तर माझं पहिलं वाक्य "सॉरी" असतं.

एप्रिल लागला आणि शाळेतून निरोप आला. पालकांना भेटायला बोलावलंय. आत्या मला म्हणाली, "तू चल गो माझ्यासंगती. काय लिवायचा झाला तं मना कुठं येतं."

काय लिवायचं होतं ते मला ठाऊक होतं. जाताना रिक्षात मी आत्याला सांगायचा प्रयत्न केला. तोंडातून निघालं ते रिक्षाचं भाडं किती होईल एवढंच. ती आपली निश्चिंत. सियाने काहीतरी मस्ती केली असेल, असं तिला वाटत होतं. सिया मध्ये बसलेली, नखं कुरतडत. तिला कळलेलं होतं. पोरांना आधी कळतं.

तेच ऑफिस. ढाली वाढलेल्या. मोठ्या बाई त्याच, केस रंगवलेले. आत्या सरळ खुर्चीत बसली. तिला कोणी बसा म्हणायची गरज लागत नाही. मी उभी राहिले.

बाई म्हणाल्या, "आजी, तुमची नात स्वभावाने गोड आहे. पण आमचा निकाल शंभर टक्के असतो. तिच्यासाठी आम्ही तो नव्याण्णव करायचा का?"

तेच वाक्य. एकही शब्द बदललेला नाही. इतक्या वर्षांत ह्या बाईला अपमान करायला नवीन वाक्यसुद्धा सुचलं नव्हतं. मला वाटायचं, माझ्यासाठी, माझ्याकडे बघून बोललेल्या त्या. छे. साचा होता. छापखान्यातला. दरवर्षी एप्रिलमध्ये काढायचा, पुसायचा, वापरायचा, ठेवून द्यायचा. माझ्या डोक्यातलं काहीतरी तेव्हा तुटलं. इतकी वर्षं मी जे उराशी धरून बसलेले ते माझं एकटीचं नव्हतंच.

आत्या म्हणाली, "म्हंजे काय?"

"म्हणजे दाखला घेऊन जा. तुमच्या हिताचंच सांगते. दुसऱ्या शाळेत तिला ताण येणार नाही." मग माझ्याकडे वळून, "तू लिहितेस ना? घे. महोदया, माझी नात आपल्या शाळेत..."

क्लार्कने कागद सरकवला. पेन माझ्या हातात होतं. मी 'प्रति' लिहिलं, 'मुख्याध्यापिका' लिहिलं. हात सवयीने चालला. बाई म्हणाल्या, "घरगुती कारणास्तव..."

मी थांबले.

"लिही ना."

"घरगुती कारण नाहीये, मॅडम."

माझा आवाज चिरकला. सिया माझ्याकडे बघत होती.

"काय?"

"त्यांच्या घरी कारण नाहीये. कारण शाळेचं आहे. ते शाळेने लिहावं. तुमच्या कागदावर, शिक्का मारून. सिया गणितात कच्ची आहे म्हणून आम्ही तिला काढतोय, असं. आम्ही घेऊन जातो तो कागद."

बाईंनी हातातल्या बांगड्या सारख्या केल्या.

"आम्ही कोणालाही काढत नाही," बाई म्हणाल्या. "पालक स्वेच्छेने नेतात."

"मग ह्यांची इच्छा नाहीये. विचारा त्यांना."

आत्याला आता सगळं उमगलेलं. ती खुर्चीत पुढे सरकली. "आमचे घरान काय बी कारन नाय गो बाय. आमचा घर चांगला हाय. कारन तुझे शालेन हाय. आमचे पोरीला शिकवाचा सोरून तू तिला हाकलतंस आनि वर अर्ज पन आमीच लिवाचा?"

बाईंचा चेहरा लाल. आत्याशी काय बोलणार. माझ्यावर आल्या.

"तू कोण? तुझं शिक्षण काय?"

"नववी पास."

"नववी." त्या हसल्या. "आणि मला शिकवणार?"

"इथेच झाली नववी, मॅडम. तुम्हीच पास केलेली."

त्यांनी नीट बघितलं. आठवले नाही मी. आठवणार कशी? एवढी पोरं इथून गेली, कोणाकोणाचं तोंड लक्षात ठेवतील. आडनाव विचारलं. मी सांगितलं, पूर्ण. कोणाची कोण तेही सांगितलं, ट्रस्टींच्या ड्रायव्हरची भाची. लपवायचं काय होतं. क्लार्कने मान खाली घातली. त्याला आठवलं असावं.

"सियाला मी नापास करीन मग," बाई म्हणाल्या.

"करा. पेपर दाखवून करा. सगळ्यांचेच दाखवा, स्पेशल बॅचचेसुद्धा."

हे वाक्य कुठून आलं मला माहीत नाही. मी कागद उचलला, फाडला नाही काही, नाटक नको. 'प्रति मुख्याध्यापिका' एवढंच लिहिलेला तो कागद टेबलावर उलटा ठेवला आणि पेन क्लार्ककडे परत दिलं. आत्याने सियाचा हात धरला. आम्ही बाहेर आलो. फाटकापाशी मला उलटी झाली. आत्या पाठ चोळत म्हणाली, "तोंडान इतका दम होता, पोटान नाय काय गो?"

सिया पास झाली. आता दहावीत आहे. तिला शेवटच्या बाकावर बसवतात. शिक्षक तिचं नाव घेत नाहीत, "ते मानपाडा" म्हणतात. ती रडत येते, मग चित्र काढते. दहावीत तिचं काय होईल मला माहीत नाही. नापास झाली तर होऊ दे. त्यांच्या शंभराला भगदाड पडू दे. पोरीच्या नापास होण्याची लाज आम्ही वाटून घेऊ, त्यांची लाज ते कोणाशी वाटणार?

आणि मामाची गाडी गेली. आठवड्याच्या आत ट्रस्टींनी चावी मागून घेतली. कारण सांगितलं नाही. मामा आता एमआयडीसीत टेम्पो चालवतो. माझ्याशी बोलत नाही. एकदाच बोलला, चाळीच्या नळावर, सगळ्यांसमोर. "एवढी वर्षं त्यांचं मीठ खाल्लं. तुझ्या एका जिभेनं घालवलं." मी कळशी उचलून घरी आले. मामाशी भांडायचं नाही मला. त्याने मला गावाहून आणलं हे खरं आहे. पण मीठ त्यांनी फुकट खाऊ घातलं नव्हतं. वेळी-अवेळी गाडी कोण चालवायचं? विमानतळावरून त्यांच्या सुनेला कोण आणायचं? त्याने काम केलं, त्यांनी पगार दिला. उपकार कुठले. उपकार काय असतो ते मी पाहिलेलं आहे, पिठाने माखलेला, दारात उभा.

आता चाळीत बातमी पसरली आहे. परवा पलीकडच्या गल्लीतली एक बाई आली. तिच्या मुलाला शाळेने बोलावलंय. दुसरी शाळा, तशीच नावाजलेली. म्हणाली, "ताई, तू येशील का बरोबर? मला भीती वाटते." मी म्हणाले, भीती मलापण वाटते. दोघी घाबरत जाऊ. मॅडमकडे अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली. त्या म्हणाल्या, कशासाठी? मी खरं सांगितलं. त्यांचं तोंड वाकडं झालं, मी जाणार होते त्याच शाळेच्या मुलाखतीची तारीख त्यांना मिळालेली. होऊ दे वाकडं. काम जाईल तर जाईल. भाकऱ्या येतात मला.

कुंदाआत्या, तुला वाचता येत नाही, सिया वाचून दाखवेल. मी गावी जाणार नाही हे तू माझ्या बापाला फोनवर सांगितलंस, तेव्हा मी भिंतीआड ऐकत होते. तो ओरडत होता आणि तू शांतपणे म्हणालीस, "पोर आता माझी हाय." त्या शब्दाची परतफेड मला एवढ्यात जमणार नाही. पण करीन. तू थकशील, हात चालेनासे होतील, मुली आपापल्या घरी असतील, तेव्हा तुझ्या दारावर कोणीही येऊन कसलाही कागद पुढे करू दे, आधी त्याला माझ्याशी बोलावं लागेल. आणि मी तोवर बोलायला शिकलेली असेन.